चित्रपट कसा पाहावा : बेटावर कोण कोण नव्हते?



या अंकात एका जुन्या कृष्णधवल चित्रपटाचा अभ्यास करू. त्याचे नाव 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज'. विल्यम गोल्डिंग हे इंग्लंडमधील एक शिक्षक. त्यांची या नावाची कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. कादंबरीवरून पीटर ब्रूक यांनी १९६३ साली चित्रपट काढला. याच ब्रूक यांनी पुढे १९८५ साली 'महाभारत' रंगमंचावर आणले आणि त्यात मल्लिका साराभाई द्रौपदी झाल्या होत्या.

कथा अशी. युद्धकाळात सुरक्षित ठिकाणी नेली जाणारी इंग्रज शाळकरी मुले विमान कोसळल्याने एका निर्जन बेटावर अडकतात. सोबत एकही मोठा माणूस नाही. ती राल्फला पुढारी निवडतात. ज्याच्या हातात शंख असेल त्यानेच बोलायचे, असा नियम होतो. पण गायकवृंदाचा प्रमुख जॅक शिकारीच्या नादी लागतो, टोळी फुटते आणि शेवटी सायमन व पिगी या दोन मुलांचा जीव जातो.

चित्रपट संपल्यावर पुष्कळ जण म्हणतात, "देखरेख नसली की मुले अशीच वागणार." हा निष्कर्ष काढण्यापूर्वी आपण वर्गात घेतो तशी बेटावरची हजेरी घेऊ या.

१. बेटावर मुलगी एकही नाही. याबद्दल विचारल्यावर गोल्डिंग यांनी सांगितले होते की, मी स्वतः लहानपणी मुलगा होतो, मुलगी नव्हतो, म्हणून मुलांविषयी लिहिले. उत्तर प्रामाणिक आहे. पण मग ही गोष्ट सर्व मुलामुलींची कशी म्हणावी?

२. सर्व मुले गोरी आणि इंग्रज आहेत. बरीचशी चांगल्या शाळांच्या गणवेशात आहेत. आपण इंग्रज म्हणजे सर्वांत पुढे, असा त्यांचा समज आहे.

३. अगदी लहान मुले पुष्कळ आहेत, पण त्यांतील बहुतेकांची नावेही आपल्याला कळत नाहीत.

४. पिगी जाड आहे, त्याला दमा आहे, चष्मा आहे आणि त्याची राहणी इतरांपेक्षा साधी आहे. सर्वांत शहाणा विचार बहुधा तोच मांडतो. त्याच्याच चष्म्याच्या काचेने आग पेटवली जाते. तरी त्याचे खरे नाव शेवटपर्यंत कोणी विचारत नाही.

गोल्डिंग यांची बाजूही समजून घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकात बॅलंटाइन यांची 'द कोरल आयलंड' ही कादंबरी खूप वाचली गेली. तिच्यात बेटावरची ब्रिटिश मुले गुणी आणि दुष्टपणा सगळा चाचे व बेटवासी यांच्यात. गोल्डिंग यांनी हे चित्र उलटे केले. दुष्टपणा सुशिक्षित, संपन्न घरच्या मुलांतूनही उपजू शकतो, हे त्यांनी दाखवले. मात्र मुले बिघडली हे दाखवताना त्यांच्या तोंडाला रंग, हातात भाले आणि आगीभोवती नाच आला. म्हणजे क्रूरतेला पुन्हा आदिवासींचाच वेश मिळाला. आपल्या हिंदी चित्रपटांतही असे नाच कितीतरी वेळा आले आहेत. झाबुआ-धारकडील एखाद्या भिल्ल मुलाला ते पाहून काय वाटत असेल, याचा विचार करा.

आता एक खरी घटना. जून १९६५ मध्ये प्रशांत महासागरातील टोंगा देशाची सहा शाळकरी मुले वसतिगृहातून पळून होडीने निघाली. वादळात सापडून ती 'आता' नावाच्या निर्जन बेटाला लागली. तिथे ती सुमारे पंधरा महिने राहिली. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या, भाजी लावली, कोंबड्या पाळल्या आणि आग विझू दिली नाही. भांडण झाले तर दोघांना दूर करून शांत होऊ देत. एकाचा पाय मोडला तेव्हा इतरांनी तो बांधला आणि त्याची कामे वाटून घेतली. सप्टेंबर १९६६ मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कप्तानाने त्यांची सुटका केली.

या सहा मुलांवरूनही सर्व मुले चांगलीच असतात असे सिद्ध होत नाही. ती एकमेकांचे मित्र होती. पण इतके नक्की कळते की, एका प्रकारच्या मुलांची कल्पित गोष्ट जगातील सर्व मुलांचे प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

आपल्या शाळेतही हाच हिशेब लावायला हवा. आज आपल्या वर्गात घरी मराठी, हिंदी, माळवी बोलणारी मुले शेजारी बसतात. स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजा कोण होतो, आणि झाड होऊन मागे उभे कोण राहते? ज्याला आपण टोपणनावाने हाक मारतो त्याला ती आवडते का?

गृहपाठ : आपल्या आवडीचा कोणताही चित्रपट घरच्यांसोबत पाहा आणि वहीत तीन उत्तरे लिहा. त्यात कोण आहे? कोण नाही? कोण दिसतो, पण बोलत नाही?

पालकांना सूचना : 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' मध्ये हिंसा आहे. नववीपासूनच्या मुलांनीच तो पाहावा आणि शक्यतो आपण सोबत बसावे.

– मुख्याध्यापक