खाल्लेले अंगी का लागत नाही?

‘पोर खाते पुष्कळ, पण खाल्लेले अंगी लागत नाही,’ ही तक्रार किनवट-माहूरच्या तांड्यांपासून निलंगा-औशाच्या शिवारापर्यंत सर्वत्र ऐकू येते. वाचकहो, ताटात अन्न असणे, ते सकस असणे आणि लहान आतड्याने ते शोषून घेणे या तीन भिन्न बाबी होत, आणि उपचार करण्यापूर्वी उणीव कोठे आहे, याची शहानिशा आधी झाली पाहिजे.

सकसतेचेच उदाहरण पहा: दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गोरगरिबांना पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या उणिवेचा रोग का होतो, याचा शोध घेताना हैदराबादच्या गोपालन व श्रीकांतिया यांनी 1960 साली ज्वारीतील ल्यूसिन या प्रथिन-घटकाकडे बोट दाखविले. त्यावर पुढे मतभेद झाले, तरी भाकरीसोबत तुरीचे वरण, शेंगदाणे व पालेभाजी असावी, याविषयी दुमत नाही.

आहार यथायोग्य असूनही वजन घटत असेल, पोट फुगत असेल, मल फिकट, तेलकट व अतिदुर्गंधीयुक्त होत असेल, तर जंत, जिआर्डिया, आतड्याचा क्षय, स्वादुपिंडाचे विकार अथवा गव्हातील ग्लूटेन न सोसणारा सीलिॲक रोग यांचा शोध घ्यावा लागतो. मात्र सीलिॲकच्या संशयाने गहू परस्पर बंद करू नये. तो आहारात असतानाच रक्ततपासणी भरवशाची ठरते. निदान झाल्यावर आपली ज्वारी निर्धोक खरी, पण ज्या जात्यावर नुकताच गहू दळला गेला, त्याच जात्यावर दळलेले पीठ निर्धोक राहत नाही.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर ते तीव्र कुपोषण समजावे. पावलांवरची ही सूज पुष्कळ घरांत बाळसे समजली जाते, आणि त्या गैरसमजात मोलाचा वेळ जातो. अशा बालकास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

हगवण लागल्यास ओआरएससोबत वैद्यांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे, अंगावरचे दूध व अन्न तोडू नये. चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, म्हणून मोठ्यांनीही तो जेवणाबरोबर घेऊ नये. अंगणवाडीच्या दप्तरातील वजनाची नोंद दरमहा पाहत जावी, आणि लागोपाठ दोन महिने वजन वाढलेले नसेल, तर तिसऱ्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.