सीताफळ बाजारात नेण्याआधी

मैत्रिणींनो, घटस्थापना झाली की आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात बांधावरची सीताफळं डोळे उघडायला लागतात. त्याच आठवड्यात व्यापाऱ्याची गाडीही दारात येते. तो झाडांकडं बघून उक्ता आकडा सांगतो, घरातले पुरुष मान हलवतात आणि पैसे त्यांच्या खिशात जातात. तोडायला, निवडायला, पाट्या वाहायला मात्र आपण! म्हणून गेल्या वर्षी आमच्या गटातल्या तिघींनी ठरवलं, यंदा माल आपणच तालुक्याच्या आठवडी बाजारात न्यायचा. त्यात काय मिळालं आणि कुठं फसलो, ते सांगते.

आधी एक भीती काढून टाका. ‘आडतीशिवाय विकलं तर कुणी पकडेल का?’ असं आमच्या सासूबाईंनी विचारलं होतं. २०१६ साली राज्य सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. आपल्या शेतातला माल आपण थेट गिऱ्हाइकाला विकू शकतो. बाजारात जागेची पावती फाडावी लागते आणि काटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेला हवा, एवढं लक्षात ठेवा. गर किंवा रबडी विकायची असेल तर अन्न नोंदणी लागते. तो वेगळा पाठ होईल.

तोडणी

पहिल्याच बाजाराला आमची फजिती झाली. वेळ कमी होता, म्हणून झाडावर हाताला येईल ते तोडलं आणि तिघींचा माल एकाच ढिगात ओतला. पुढच्या आठवड्यात एक काकू पिशवी घेऊन परत आल्या. आतली फळं दगडासारखी, वरून काळी पडलेली. “चार दिवस तांदळात ठेवली, तरी पिकली नाहीत गं,” म्हणाल्या. पैसे परत दिले. ती फळं कुणाच्या झाडाची, यावरून आमच्यात दोन दिवस अबोला राहिला, ते वेगळंच.

कोवळं तोडलेलं सीताफळ नीट पिकतच नाही. फळ तयार झालं की डोळे फुगतात, दोन डोळ्यांमधल्या भेगा रुंद होतात आणि तिथं पिवळसर पांढरा रंग दिसतो. असं फळ तोडल्यावर साधारण दोन ते चार दिवसांत मऊ होतं. ओढून तोडू नका, देठाशी जखम होते आणि तिथूनच सडतं. थोडा देठ ठेवून कात्रीनं कापा. क्रेटमध्ये खाली गवत किंवा सीताफळाचाच पाला घाला, दोनापेक्षा जास्त थर लावू नका. लवकर पिकावं म्हणून कार्बाइडच्या पुड्या तर अजिबात नकोत. त्यावर बंदी आहे, आणि आपलीच पोरंही तीच फळं खातात.

आता आम्ही घरीच तीन वाटे करतो: आज खायचं, उद्या-परवाचं, आणि चार दिवसांचं. गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, “ताई, आज खाणार का रविवारी?” या एका प्रश्नानं आमची गिऱ्हाइकं बांधली गेली. कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, काळं पडतं, हेही सांगायचं.

हिशोब

एका बाजाराचा हिशोब वहीतून उतरवते. माल ४० किलो. दारात व्यापारी ३० रुपये किलोनं मागत होता, म्हणजे १,२०० रुपये. बाजारात सकाळी २२ किलो ७० रुपयांनी गेलं, त्याचे १,५४० झाले. दुपारी ८ किलो ५० रुपयांनी, ४०० झाले. दिवेलागणीला ६ किलो २५ रुपयांनी काढलं, १५० आले. ४ किलो फुटलं. एकूण आले २,०९०.

मी घरी येऊन म्हणाले, ‘आठशे नव्वद जास्त मिळाले!’ आमच्या सीआरपी ताईंनी वही पुढं ओढली आणि विचारलं, “जाण्यायेण्याचं भाडं?” १६०. “पावती?” ३०. “पिशव्या, चहा, जेवण?” ६०. “आणि तुझी मजुरी?” मी गप्प. त्या दिवशी कुणाच्या सोयाबीनला गेले असते तर ३५० मिळाले असते. म्हणजे खर्च ६००, उरले १,४९०. व्यापाऱ्यापेक्षा खरे जास्त आले २९० रुपये.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या वहीमुळंच पुढचं सुचलं. भाडं आणि एक दिवस, हे दोन खर्च माल थोडा असला तरी तेवढेच लागतात. मग आम्ही पाळी लावली. तिघींचा माल एकाच रिक्षात, बसायला मात्र दोघीच, तिसरी आपल्या कामाला. बसणाऱ्या दोघींना मजुरी आधी काढून द्यायची, मग नफा किलोप्रमाणं वाटायचा. निघण्याआधी प्रत्येकीचा माल वेगळा वजन करून वहीत लिहायचा, क्रेटला आपापल्या रंगाची चिंधी बांधायची. परत आलेलं फळ कुणाचं, हा वाद तिथंच मिटला.

सगळा माल बाजारातच न्यायचा, हा हट्टही सोडला. लहान फळ आणि बाजाराचा दिवस लांब असताना तयार झालेलं फळ आम्ही व्यापाऱ्यालाच देतो, पण आता उक्तं नाही, किलोवर. बाजारभाव माहीत असल्यामुळं त्याच्याशी घासाघीस करता येते. यंदा त्यानं ३० वरून ३८ केले.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना एका बाजाराचा हिशोब लिहून आणा. झेंडू, भोपळा, वालाच्या शेंगा, काहीही चालेल. मजुरीचा रकाना रिकामा ठेवू नका. तो मी सगळ्यात आधी बघणार आहे.