समुद्रकाठचे काँक्रीट आणि काचतंतूंच्या सळया

गोव्यात पणजी येथे मांडवी नदीवर बांधलेला नेहरू पूल इ. स. १९७० च्या सुमारास रहदारीस खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाडीच्या खाऱ्या हवेत त्याच्या काँक्रीटमधील ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या.

वास्तविक काँक्रीट हे पोलादाचे रक्षक होय. सिमेंटमधील चुना व अल्कली यांमुळे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाण्याचा सामू १२.५ ते १३.५ इतका असतो. अशा पाण्यात पोलादावर ऑक्साइडाचा अत्यंत पातळ थर बसतो व गंजण्याची क्रिया थांबते. समुद्राच्या मिठातील क्लोराइड आत झिरपले म्हणजे हा थर जागोजाग फुटतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने काँक्रीटला तडे जातात, आणि तड्यांवाटे आणखी खारे पाणी आत शिरते.

यावर उपाय म्हणून काचेचे बारीक तंतू कृत्रिम राळेत बसवून केलेल्या सळया वापरात आल्या. मिठाने त्या गंजत नाहीत. परंतु येथे एक गंमत आहे : जी अल्कली पोलादाला तारते, तीच काचेला मारते. अल्कलीतील हायड्रॉक्सिल आयन काचेतील सिलिकाचे बंध तोडतात, आणि तंतूंचे बळ घटते. तेव्हा तंतू व अल्कली यांच्यामध्ये उभी असलेली राळेची भिंत किती टिकते, हाच खरा प्रश्न. पॉलिएस्टर राळेचे अल्कलीने विघटन होते; व्हिनाइल एस्टर पुष्कळ अधिक तग धरते.

प्रयोगशाळेत अशा सळया ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या अल्कली द्रावात महिनोन् महिने बुडवून ठेवल्या असता त्यांचे बळ स्पष्टपणे घटते. प्रत्यक्षातील काँक्रीट सहसा इतके ओले व उष्ण नसते. कॅनडात हॉल्स हार्बर येथील १९९९ सालचा धक्का व इतर चार बांधकामे यांतून पाच ते आठ वर्षांनंतर नमुने काढून तपासले, तेव्हा काचतंतूंवर अल्कलीच्या आघाताची खूण आढळली नाही. हे आश्वासक खरे. पण तेथील हवा थंड, कोकणची उष्ण व दमट, आणि उष्णतेने रासायनिक क्रियेचा वेग वाढतो. तो निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावणे धाडसाचे ठरेल. अमेरिकन काँक्रीट संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेतही उघड्यावरील काँक्रीटसाठी या सळयांचे बळ ०.७ पटच धरले आहे.

शिवाय पोलाद तुटण्यापूर्वी लांबते व सूचना देते. या सळया एकाएकी तुटतात. त्यांची ताठरता पोलादाच्या सुमारे चतुर्थांश असल्याने तुळई अधिक वाकते. त्या बांधकामाच्या जागी वाकविताही येत नाहीत. वाकलेला भाग राळ घट्ट होण्यापूर्वी कारखान्यातच घडवून आणावा लागतो.