धुराड्याच्या जुन्या चुलीची घरच्या घरी दुरुस्ती

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे मलप्रभा नदीचे उगमस्थान होय. सह्याद्रीच्या माथ्यावरील या परिसरात पाऊस मुसळधार पडतो व हवा अनेक दिवस दमट राहते. अशा काळात चुलीवर केवळ स्वयंपाकच होतो असे नाही; आंघोळीचे पाणी तापविणे, गुरांचे आंबोण शिजविणे, ओले जळण सुकविणे ही कामेही तिच्याच आधारे चालतात. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाल्यानंतर खेड्यापाड्यांतील अनेक घरांत गॅस पोहोचला. तरीही या कामांसाठी चूल पेटतेच. ती पेटणारच असेल, तर तिचा धूर घरात न कोंडता बाहेर जाईल अशी व्यवस्था असणे अगत्याचे आहे.

धूर ही केवळ गैरसोय नव्हे. घरातील दूषित हवेमुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लक्ष लोक मृत्युमुखी पडले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपाशी अधिक काळ बसणाऱ्या स्त्रिया व त्यांच्याजवळ असणारी लहान मुले यांना या धुराचा उपद्रव सर्वांत जास्त होतो.

सुधारित चूल का निकामी होते?

केंद्र शासनाचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला व २००२ मध्ये बंद झाला. या काळात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बांधल्या गेल्या. कर्नाटकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने तयार केलेली तीन भांड्यांची ‘अस्त्र’ चूल प्रसिद्धीस आली. परंतु चूल बांधून झाल्यावर तिची निगा राखण्याचे शिक्षण सर्वत्र पोहोचले नाही. धुराडे काजळीने भरले, भेगा पडल्या आणि अनेक घरांत चूल पुन्हा पूर्वीसारखीच धूर करू लागली. याचा अर्थ असा की, बांधणीइतकीच दुरुस्तीही महत्त्वाची आहे. आणि ती घरच्या माणसांना सहज करता येते.

दोष कसा ओळखावा?

तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते व तिच्या जागी चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत ओढली जाते. ही ओढ मंदावली की धूर उलटतो. ओढ पाहण्यासाठी चूल पेटवून धुराडे तापल्यावर पेटती उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरावी. तिचा धूर आत गेला तर ओढ ठीक आहे. बाहेर आला तर धुराडे तुंबले असण्याचा संभव आहे. नंतर जाळात थोडा ओला पाला टाकावा. धूर भांड्याच्या कडेने निघाल्यास भांडे नीट बसत नाही, चुलीच्या अंगातून निघाल्यास भेग आहे, आणि छपराजवळ निघाल्यास नळीचा सांधा सुटला आहे असे समजावे.

भेगा व भांड्याची बैठक

भातखाचरातील चिकण माती चाळून खडे काढावेत. दोन भाग मातीत एक भाग बारीक वाळू, थोडे शेण व भाताचे तूस मिसळून ते मिश्रण दोन-तीन दिवस भिजत ठेवावे. गार चुलीवरील भेग खुरप्याने थोडी रुंद करावी, आतील धूळ झाडून जागा ओली करावी व माती आतपर्यंत दाबून भरावी. नुसते वरून सारवल्यास भेग पुन्हा उघडते. जाळाच्या जागी सिमेंट वापरू नये. उष्णतेने ते तडकते. वैलावरील भांडे सैल बसत असल्यास कडेला ओली माती लावून नेहमीचे भांडे तीत दाबून फिरवावे. दुरुस्तीनंतर माती सावकाश वाळू द्यावी व पहिले दोन-तीन दिवस मंद जाळ करावा.

धुराडे

ओल्या लाकडाच्या धुरातून डांबरासारखी चिकट काजळी साचते. ती पेट घेऊन छपरास आग लागू शकते. म्हणून पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा धुराडे साफ करावे. चूल पूर्ण गार झाल्यावर दोरीस काथ्याची गुंडाळी व तिच्या खाली लहान दगड बांधून ती नळीतून वरखाली ओढावी. नाकातोंडावर कापड बांधावे. खाली पडलेली काजळी वैलाच्या तोंडातून काढून टाकावी. नळीचे टोक छपरापासून किमान दोन फूट वर असावे व त्यावर पावसाची टोपी असावी. ओल्या कौलांवर कोणीही चढू नये.

जुन्या चुलींची धुराडी पुष्कळदा ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नळ्यांची असत. अशी नळी करवतीने कापू नये, घासू नये किंवा फोडू नये. तिची बारीक धूळ फुप्फुसास घातक असते. तिच्या आत काथ्याही ओढू नये. ती तुंबली वा तडकली असेल तर पाणी शिंपडून अखंड उतरवावी व तिच्या जागी पत्र्याची किंवा भाजक्या मातीची नळी बसवावी. चुलीचा पाया खचला असेल किंवा आतील भिंत जळून जाळाची जागा फार रुंद झाली असेल, तर डागडुजीत वेळ न घालविता जाणत्या कारागिराकडून चूल नव्याने बांधून घ्यावी.

एक सावधगिरी

दुरुस्त चुलीतील निखारेसुद्धा थंडीसाठी बंद खोलीत नेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो. झोपलेल्या माणसास त्याची चाहूल न लागता मृत्यू येऊ शकतो.

उदबत्तीची चाचणी शाळेत विज्ञानाच्या तासाला सहज समजावता येते. शिक्षकांनी ती मुलांना शिकवून मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली घरी करावयास सांगावी. ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी जुन्या चुलींची पाहणी करून कारागिराची गरज असलेल्या घरांची यादी करावी. माती, तूस व काथ्या गावातच मिळतात. हवी ती वर्षातून दोन दिवसांची आठवण.