क्षेत्रफळाच्या तक्त्यातील तफावत : पूर्णांकनाचा हिशेब

दिवसअखेर बँकेच्या खतावणीत एका रुपयाची तफावत आढळली, तरी तिचा उलगडा झाल्याशिवाय ताळमेळ पूर्ण झाला असे मानले जात नाही. रक्कम किरकोळ असते. परंतु एका रुपयाच्या निव्वळ फरकामागे परस्परविरुद्ध अशा दोन मोठ्या चुका दडलेल्या असू शकतात, हे अनुभवी कर्मचारी जाणतात. गृहकर्जाच्या कागदपत्रांसोबत येणाऱ्या खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या तक्त्याकडेही याच दृष्टीने पाहणे हितावह ठरते. या तक्त्यातील खोल्यांची बेरीज आणि खाली छापलेली एकूण संख्या अनेकदा जुळत नाही. हा फरक कोठून येतो, तो कितपत निरुपद्रवी आहे आणि त्याची शंका केव्हा घ्यावी, हे समजून घेणे घर घेणारा व कर्ज देणारा या दोघांनाही उपयोगाचे आहे.

फरकाचे मूळ

आज इमारतींचे आराखडे बहुधा संगणकावर तयार होतात. ऑटोडेस्क कंपनीच्या रेव्हिटसारख्या प्रणालीत भिंती काढल्या की खोलीचे क्षेत्रफळ आपोआप मोजले जाते व तक्त्यात उतरते. प्रणाली हे क्षेत्रफळ आपल्या स्मरणात अनेक दशांश स्थळांपर्यंत जपून ठेवते. तक्त्यात मात्र ठरवून दिलेली एक किंवा दोन स्थळेच दाखवते. शेवटची बेरीज दाखवलेल्या आकड्यांची नसून जपलेल्या आकड्यांची असते. वाचणारा मात्र कागदावर दिसणारेच आकडे मिळवतो. तफावत येथे जन्म घेते.

उदाहरणादाखल एक सदनिका घेऊ. मापे मीटरमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आहे.

दिवाणखाना : ४.२७५ × ३.३५० = १४.३२१२५ (छापील १४.३२)
स्वयंपाकघर : २.७५० × २.४५० = ६.७३७५ (छापील ६.७४)
पहिले शयनगृह : ३.६५० × ३.०५० = ११.१३२५ (छापील ११.१३)
दुसरे शयनगृह : ३.३५० × २.९०० = ९.७१५ (छापील ९.७२)
स्नानगृह : २.१५० × १.२५० = २.६८७५ (छापील २.६९)
शौचालय : १.२५० × ०.९५० = १.१८७५ (छापील १.१९)
पॅसेज : २.४५० × १.०५० = २.५७२५ (छापील २.५७)

मूळ आकड्यांची बेरीज ४८.३५३७५ होते, म्हणून तक्त्याच्या तळाशी ४८.३५ छापले जाते. छापील आकडे मिळवल्यास मात्र ४८.३६ येतात. हाच तक्ता एका दशांश स्थळापर्यंत दाखवला, तर खोल्यांची बेरीज ४८.३ आणि छापील एकूण ४८.४ असा उलट दिशेचा फरक दिसतो. कोठेही चूक झालेली नाही. दोन्ही उत्तरे आपापल्या रीतीने बरोबर आहेत.

शतांशाचा चौरस फूट कसा होतो ?

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर एककाच्या रूपांतरात आहे. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६४ चौरस फूट. वरील सदनिकेचे ४८.३५ चौरस मीटर म्हणजे ५२०.४४, अर्थात पूर्णांकाने ५२० चौरस फूट, आणि ४८.३६ चौरस मीटर म्हणजे ५२०.५४, अर्थात ५२१ चौरस फूट. शतांशाचा फरक पूर्णांकनाच्या दुसऱ्या पायरीवर एक संपूर्ण चौरस फूट झाला. दर चौरस फुटास ९,००० रुपये भाव धरल्यास एका घरामागे ९,००० रुपये आणि तशाच ८४ घरांच्या इमारतीत ७,५६,००० रुपये असा हा हिशेब होतो. पूर्णांकनातील लहान फरक एकमेकांना छेदून नाहीसे होतात, असा समज आहे. परंतु सर्व घरे एकाच नमुन्याची असली की प्रत्येक फरक एकाच दिशेने साचत जातो.

काही ठिकाणी मर्यादारेषाच महत्त्वाची असते. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार, महानगर क्षेत्रात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाख रुपयांपर्यंत किंमत असलेल्या बांधकामाधीन घरास एक टक्का, तर अन्य घरांस पाच टक्के दर ठरला. ६०.०४ चौरस मीटरचे घर एका दशांश स्थळाने ६०.० असे दिसते. पण तक्त्यात काय दिसते यावरून घर मर्यादेत बसत नाही. अशा वेळी मूळ आकडाच पाहावा लागतो.

पूर्णांकनाची कमाल मर्यादा

पूर्णांकनाने येणारा फरक अमर्याद नसतो. दोन दशांश स्थळांच्या तक्त्यात प्रत्येक खोलीमागे जास्तीत जास्त ०.००५ एवढीच घट वा वाढ संभवते. सात खोल्यांसाठी ती ०.०३५ आणि छापील एकुणाची स्वतःची ०.००५ मिळून ०.०४ चौरस मीटर होते. फरक याच्या आत असेल तर तो पूर्णांकनाचा असू शकतो; याहून अधिक असेल तर तो पूर्णांकनाचा असूच शकत नाही, मग कारण अन्यत्र शोधलेच पाहिजे.

असे एक कारण नेहमी आढळते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील व्याख्येनुसार चटई क्षेत्रात बाह्य भिंती, सेवावाहिन्यांच्या शाफ्टखालील जागा आणि स्वतंत्र वापराची बाल्कनी व गच्ची धरली जात नाही; घरातील अंतर्गत भिंतींखालची जागा मात्र धरली जाते. म्हणून खोल्यांच्या आतील मापांची बेरीज म्हणजे चटई क्षेत्र नव्हे. शंभर मिलिमीटर जाडीच्या १२ मीटर लांब अंतर्गत भिंती १.२० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३ चौरस फूट जागा व्यापतात. हा फरक ‘पूर्णांकनामुळे’ या शब्दाखाली झाकणे योग्य नाही. प्रणालीत खोलीची सीमा भिंतीच्या पृष्ठापर्यंत धरली आहे की मध्यरेषेपर्यंत, हेही तपासावे लागते.

महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात चटई क्षेत्रातील फरकासाठी तीन टक्क्यांची मर्यादा आहे. ती प्रत्यक्ष बांधकामात होणाऱ्या बदलासाठी आहे. तक्त्यातील बेरजेच्या सैलपणासाठी नव्हे.

उपाययोजना

१. पूर्णांकन एकदाच आणि एकाच पायरीवर करावे. बांधकामाच्या मोजमापासाठी असलेल्या आय.एस. १२०० या भारतीय मानकात क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटरपर्यंत काढण्याची रीत आहे. तीच स्वीकारणे सोयीचे.

२. तक्ता ग्राहकाच्या हाती जाणार असेल, तर छापील आकड्यांचीच बेरीज मिळेल अशी रचना करावी. रेव्हिटच्या तक्त्यात त्यासाठी गणिती स्तंभ जोडता येतो : क्षेत्रफळास एक चौरस मीटरने भागावे, शंभराने गुणून पूर्णांकन करावे, पुन्हा शंभराने भागून एकक जोडावे. या स्तंभाची बेरीज खोल्यांशी तंतोतंत जुळते.

३. अर्ध्याचा नियम ठरवावा. ९.७२५ ही संख्या एक्सेलमधील पूर्णांकनाने ९.७३ होते, तर आय.एस. २ या मानकाच्या सम अंकाच्या नियमाने ९.७२ राहते. दोन प्रणालींत दोन नियम असल्यास तफावत अटळ आहे.

४. चौरस फुटाचा आकडा मान्य केलेल्या चौरस मीटरवरूनच, एकाच गुणकाने काढावा.

५. मूळ आकड्यांची बेरीज ठेवणे आवश्यक असेल, तर ‘पूर्णांकनामुळे बेरीज जुळेलच असे नाही’ अशी टीप द्यावी. रिझर्व्ह बँकेच्या प्रकाशनांतील तक्त्यांखाली अशी टीप वाचकांनी पाहिली असेल.

६. बेरीज जुळवण्यासाठी एखाद्या खोलीचा आकडा हाताने कधीही बदलू नये. तसे केल्यास तक्त्याचा आराखड्याशी असलेला संबंध तुटतो आणि पुढे भिंत सरकली तरी तो आकडा जुनाच राहतो.

घर घेणाऱ्याने करारनामा, मंजूर नकाशा आणि मूल्यांकन अहवाल या तिन्हींतील चौरस मीटरचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत, खोल्यांची बेरीज स्वतः करावी आणि फरक आढळल्यास त्याचे कारण लेखी मागावे. शतांशाचा फरक गैर नाही. त्याचे कारण कोणालाच सांगता न येणे मात्र गैर आहे. ज्या घरासाठी कुटुंब वीस वर्षे हप्ते फेडणार, त्याच्या क्षेत्रफळाचा ताळमेळ खतावणीइतकाच चोख असावयास हवा.