दगडी कोळशांतील राख

दगडी कोळसा जळाल्यावर राख कां उरते, हें आम्ही पाहूं. चंद्रपूरकडील कोळसा २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वींच्या वनस्पतींपासून झाला. पाण्यानें आणलेली चिकणमाती व वाळूही त्यांत अगदीं बारीक मिसळली; म्हणून कोळसा धुऊनही ती पुरती निघत नाहीं. विद्युत्केंद्रांत जाणाऱ्या भारतीय कोळशांत बहुधा शेंकडा ३० ते ४५ भाग राख असते. ही माती जळत नाहीं. उलट स्वतः तापून उष्णता खाते. लोह व चुना अधिक असल्यास राख लौकर वितळते, तिचे गोळे भट्टीच्या जाळीस चिकटतात आणि वारा कोंडतो. सारांश, अशा कोळशाच्या तीन गाड्यांत सुमारें एक गाडी आम्ही मातीच वाहतों! विद्यार्थ्यांनो, कोळशाची परीक्षा रंगावरून नव्हे, राखेवरून करावी.