पॉइंटवाली बुलेट आणि ई-२० पेट्रोल: खर्च कुठे करावा, कुठे टाळावा

जळगाव-धुळे पट्ट्यात पॉइंटवाल्या कास्ट-आयर्न बुलेट अजून रोजच्या कामाला जुंपलेल्या दिसतात. अलीकडे त्यांच्या मालकांची एकच तक्रार ऐकू येते. वीस टक्के इथेनॉलचं हे नवं ई-२० पेट्रोल आल्यापासून गाडी तापते, लळिंग घाटात ठोकते, ॲव्हरेजही गेलं. मग कोणी महागडं प्रीमियम पेट्रोल भरतो, कोणी बाटलीतलं ॲडिटिव्ह ओततो. माझं म्हणणं स्पष्ट आहे: आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, तपासा, पेट्रोलचा विचार नंतर.

त्याचं कारण इंजिनातच आहे. या बुलेटचं कॉम्प्रेशन सातला एकच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने फारच कमी. मद्रासला १९५५ साली बुलेट बनू लागली तेव्हा मिळणारं पेट्रोल आजच्यापेक्षा कितीतरी कमी ऑक्टेनचं होतं आणि हे इंजिन त्यावर धावत होतं. इथेनॉलमुळे तर साध्या पेट्रोलचा ऑक्टेन उलट वाढलाय. असं इंजिन चढावर ठोकत असेल तर बहुतेक वेळा टायमिंग पुढे गेलेलं असतं, हेडमध्ये कार्बन साचलेला असतो किंवा मिश्रण पातळ झालेलं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा हे दोष लपत नाहीत.

टायमिंग मागे गेलं तर गाडी ठोकत नाही. ओढ मरते, इंजिन तापतं, सायलेन्सरचा पाइप निळा पडतो. आणि पॉइंटवाल्या गाडीत ते आपोआप मागे जातं. पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात. हे इतकं हळू घडतं की दोष पेट्रोलवर जातो.

म्हणून मेकॅनिककडे गेल्यावर क्रमाकडे लक्ष ठेवा. आधी गॅप, मग टायमिंग. गॅप हलला की टायमिंग हलतंच, त्यामुळे उलटा क्रम म्हणजे फुकट मजुरी. गॅप फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. त्यानंतर प्लग काढून, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवायचं. कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन माथ्याच्या ०.८ मिलिमीटर खाली असतानाच पॉइंट उघडायला हवेत. ते उघडले कसे कळतं? बुलेटच्या अँपिअर मीटरकडे बघा. चावी चालू ठेवली की पॉइंट मिटलेले असताना काटा मायनसकडे झुकतो आणि उघडताक्षणी शून्यावर येतो. बॅटरी मात्र चांगली हवी. प्लेट हलवून नुसत्या आवाजावर टायमिंग लावणारे कसबी हात आहेत, पण ते थोडे. ऑटो ॲडव्हान्सची वजनं मोकळी हलतात का, स्प्रिंगा सैल पडल्यात का, हेही तेव्हाच बघून घ्या. किक उलटी मारत असेल तर संशय आधी तिथेच घ्यायचा.

खर्चाचा अंदाज असा, दुकानागणिक फरक पडेलच: पॉइंट दीडशे ते तीनशे, कंडेन्सर शंभर-दीडशे, प्लग तेवढ्याचाच, मजुरी तीनशे ते पाचशे. सगळं मिळून हजाराच्या आत-बाहेर. पॉइंट काळे पडून खड्डे पडले असतील तर कंडेन्सर बदलाच. नाहीतर नवे पॉइंटही तसेच जळतील.

आता पेट्रोल. महिन्याला ५०० किलोमीटर आणि लिटरला ३० चं ॲव्हरेज धरा. साधारण १७ लिटर लागतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या दुचाकींसाठी ॲव्हरेजमध्ये तीन ते चार टक्के घट धरली होती. त्या हिशेबाने महिन्याला साठेक रुपयांचा फटका. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मात्र लिटरला पन्नास-पंचावन्न रुपये महाग पडतं, म्हणजे महिन्याला नऊशेच्या आसपास. तेवढ्यात एकदा टायमिंगचं सगळं काम होतं. या इंजिनाला तो ऑक्टेन वापरताच येत नाही.

ई-२० ची खरी चिंता रबर आणि मिश्रणाची. जुने पाइप, कॉकचं वॉशर, कार्बोरेटरचे रबरी भाग फुगतात किंवा कडक होतात; पाइप इथेनॉल सोसणारा घ्या, जेमतेम शंभर-सव्वाशेचा मामला आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. प्लगचं टोक पांढरट दिसलं तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. जेट शंभराच्या आत, कार्बोरेटर साफ करून बसवायला दोन-तीनशे. टायमिंग लावल्याशिवाय जेटला हात लावू देऊ नका, नाहीतर एका दोषावर दुसरा चढेल.



पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका. मोकळ्या जागेतली दमट हवा इथेनॉल ओढून घेतं, पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. मग साफसफाईला हजारभर जातात. टाकी काठोकाठ भरा, कॉक बंद करा आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी होईपर्यंत गाडी चालू ठेवा.